दाबवर्धित इंजिनाचे सुरक्षित समायोजन

एरवी वाया जाणाऱ्या निष्कास वायूच्या ऊर्जेवर चक्र फिरवावे आणि त्याच आसावरील संपीडकाने इंजिनात जादा हवा भरावी, या कल्पनेचे एकस्व स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली घेतले. आजच्या टर्बोचार्जरचे मूळ तेथे आहे. हवा वाढली की इंधन वाढवता येते आणि शक्ती वाढते. मात्र उष्णताही वाढते, आणि समायोजनाचे, म्हणजेच ट्यूनिंगचे, सारे शास्त्र या उष्णतेला आवर घालण्याचे आहे.

30 अंश सेल्सिअसची हवा वातावरणाच्या दुप्पट दाबावर नेली, तर 70 टक्के कार्यक्षमतेच्या संपीडकातून ती सुमारे 125 अंशांवर बाहेर पडते. इंटरकूलर तिला थंड करतो. तरीही सिलिंडरमधील अखेरचे मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटू शकते. हा स्वयंस्फोट, गॅरेजच्या बोलीत नॉकिंग.

1962 सालच्या ओल्ड्समोबाइल जेटफायर या अमेरिकी मोटारीत संपीडन गुणोत्तर 10.25 इतके चढे होते, आणि त्यावर टर्बोचार्जरही होता. स्वयंस्फोट टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण आत फवारले जाई. अनेक मालक त्याची टाकी वेळेवर भरत नसत. तेव्हा एक झडप दाब मर्यादित करी. पुढे 1980च्या दशकात स्वीडनच्या साब कंपनीने नॉकिंगची चाहूल लागताच दाब आपोआप उतरवणारी प्रणाली आणली. मोटार अभियांत्रिकीतील अत्यंत सुजाण रचनांत तिची गणना व्हावी.

इंजिनातील सुधारणांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात: हवेचा व निष्कासाचा मार्ग मोकळा करणाऱ्या, टर्बोचार्जर मोठा करणाऱ्या आणि इंधनपुरवठा वाढवणाऱ्या. यांपैकी कोणतीही केली तरी ईसीयूमधील, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकातील, आकडे जुन्याच सामग्रीसाठी ठरवलेले असतात. मोठे इंजेक्टर बसवून जुनेच आकडे ठेवले, तर प्रत्येक फवाऱ्यात जादा पेट्रोल जाईल. हवा वाढवून पंप जुनाच ठेवला, तर ऐन भाराखाली मिश्रण विरळ होईल. हा दोष अधिक घातक.

म्हणून क्रम पाळावा लागतो. प्रथम गळती, स्पार्क प्लग व इंधनदाब यांची तपासणी. मग वेस्टगेटच्या, म्हणजे निष्कास वायू चक्राला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या, स्प्रिंगने मिळणाऱ्या किमान दाबावर, ठिणगी काही अंश उशिरा ठेवून, आधी इंधनाचे आकडे बसवायचे. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी हवा-इंधन गुणोत्तर 14.7 असते, 20 टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलसाठी साधारण 13.5. त्यामुळे लॅम्ब्डा, म्हणजे प्रत्यक्ष गुणोत्तर भागिले त्या इंधनाचे पूर्ण ज्वलनाचे गुणोत्तर, हे माप अधिक भरवशाचे; पूर्ण भाराखाली ते सहसा 0.8च्या आसपास ठेवतात. इंजेक्टर उपलब्ध वेळेच्या 85 टक्क्यांहून अधिक काळ उघडे राहू लागले, तर दाब वाढवणे तेथेच थांबवावे. इंधन स्थिरावल्यावर दाब थोडाथोडा चढवायचा आणि ठिणगी शेवटी, एकेका अंशाने, पुढे आणायची, म्हणजे लवकर पाडायची. ठिणगी पुढे घेऊनही डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, टॉर्क वाढत नसेल, तर ती किंचित मागे घ्यावी.

नॉकिंगचा नाद सिलिंडरच्या व्यासावर अवलंबून असतो. 86 मिलिमीटर व्यासाला तो सुमारे 6.7 किलोहर्ट्‌झ येतो. जाणकार इंजिनाच्या ठोकळ्याला संवेदक जोडून हेडफोनवर तो ऐकतात. शिवाय प्लग काढून पाहतात: पांढऱ्या चिनी मातीवर मिरपुडीसारखे काळे ठिपके आणि त्यांत बारीक चंदेरी कण दिसले, तर ते दट्ट्याचे ॲल्युमिनियम असते. ते दिसताच चाचणी बंद करावी.

युरोपात मिळणारे 98 ऑक्टेनचे पेट्रोल गृहीत धरून कोणी केलेली तयार फाइल आपल्याकडील साध्या पेट्रोलवर जशीच्या तशी चालवणे धोक्याचे आहे. कमी ऑक्टेनला कमी दाब आणि उशिराची ठिणगीच मानवते. पहाटेच्या गारव्यात बसवलेले आकडे विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारीही पुन्हा तपासून घ्यावेत, कारण आत येणारी हवाच तेव्हा 15 ते 20 अंशांनी अधिक तापलेली असते.