गाव रिकामे झाले तर?

मुलांनो, नेवासे तालुक्यातील आमच्या घोडेगावचा जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे. बाजाराच्या दिवशी गाई, म्हशी, बैल, टेंपो आणि माणसे यांतून वाट काढणे कठीण जाते. आता अशी कल्पना करा. तुम्ही बाजाराच्या दिवशी तेथे गेलात आणि तेथे कोणीच नाही! चहाच्या टपरीवर किटलीतून वाफ निघत आहे. पण चहावाला नाही. तुम्ही घराकडे धावता. चूल पेटलेली आहे. पण अम्मी नाही. तुम्ही मोठ्याने हाका मारता. उत्तर येत नाही. तुम्हांला कसे वाटेल?

हीच कल्पना घेऊन अमेरिकेत एक दूरदर्शन-मालिका सुरू झाली होती. तिचे नाव 'द ट्वायलाइट झोन'. या मालिकेच्या प्रत्येक भागात नवी गोष्ट आणि नवी पात्रे असत. तिचा पहिला भाग २ ऑक्टोबर १९५९ रोजी दाखवला गेला. त्याचे नाव होते 'व्हेअर इज एव्हरीबडी?', म्हणजे 'सगळे लोक कुठे आहेत?' तो रॉड सर्लिंग या लेखकाने लिहिला होता.

या गोष्टीतील तरुणाला आपले नावही आठवत नाही. तो एका खाणावळीत शिरतो. तेथे गाणे वाजत आहे, कॉफी उकळत आहे. पण माणूस नाही. गाडीत एक बाई बसलेली दिसते. तो आनंदाने जवळ जातो, तर तो दुकानातला पुतळा निघतो! रात्री दिवे आपोआप लागतात. चित्रपटगृहात चित्रपट सुरू होतो. पण तो दाखवणारा कोणी नाही. शेवटी तो घाबरून धावत सुटतो. रस्त्याच्या कडेला सिग्नलचे एक बटण असते. ते दाबत तो मदतीसाठी ओरडू लागतो.

आणि मग खरी हकीकत कळते. ते गाव कोठेच नव्हते! तो तरुण सैन्यातील वैमानिक होता. चंद्रावर जाण्याची तयारी म्हणून त्याला एका लहानशा बंद पेटीत एकट्याला ठेवले होते. त्यात ४८४ तास ३६ मिनिटे, म्हणजे २० दिवसांहून अधिक काळ गेला होता. अन्न, पाणी, हवा सर्व काही दिले होते. फक्त माणसाची सोबत नव्हती. म्हणून त्याच्या मनानेच ते गाव उभे केले. पण त्या गावातही त्याला माणूस सापडला नाही.

ही गोष्ट काल्पनिक असली तरी तिच्यातील प्रश्न खरा होता. १९५९ पर्यंत एकही माणूस अंतराळात गेला नव्हता. युरी गागारीन यांनी १२ एप्रिल १९६१ रोजी पहिले उड्डाण केले. त्याआधी त्यांनाही आवाज न पोहोचणाऱ्या खोलीत अनेक दिवस एकटे राहावे लागले होते. आपल्या राकेश शर्मा यांचीही अशी परीक्षा झाली. बंगळूरमध्ये त्यांना ७२ तास एका बंद खोलीत ठेवले होते. पुढे ३ एप्रिल १९८४ रोजी ते अंतराळात गेले, तेव्हा मात्र ते एकटे नव्हते. त्यांच्यासोबत दोन सोव्हिएत अंतराळवीर होते.

विद्यार्थी मित्रांनो, गोष्टीतील त्या तरुणाने दाबलेले बटण सिग्नलचे नव्हते. ते पेटीतील मदतीचे बटण होते. बाहेर त्याच्यावर लक्ष ठेवणारी माणसे होती, म्हणून ती लगेच धावून आली. आपल्या वर्गातही कधी दुसऱ्या गावाहून एखादा नवीन मुलगा येतो. मधल्या सुट्टीत तो डबा उघडून कोपऱ्यात एकटाच बसतो. त्याच्या भोवती साठ मुले असतात; पण त्याच्यापुरते ते गाव रिकामेच असते. त्याच्या हाताशी कोणतेही बटण नसते. त्याच्याकडे लक्ष तुम्हांलाच ठेवावे लागेल. उद्या मधल्या सुट्टीत तुमचा डबा घेऊन त्याच्याजवळ जाऊन बसा.