सायकल तीच, घाट तोच... मग दम कुठे गेला?

दिवाळीची सुट्टी. पुण्याच्या ऑफिसातून चार दिवसांसाठी शहाद्याला घरी आलेला एखादा दोस्त. जिन्याखालची सायकल तो बाहेर काढतो, धूळ झटकतो, हवा भरतो आणि जुन्या ग्रुपला हाक मारतो, ‘चला, तोरणमाळ!’ म्हसावदपर्यंत गप्पा रंगतात, राणीपूरपर्यंत जोश टिकतो. घाट लागला की मात्र बोलती बंद! मागच्या हिवाळ्यात ज्या चढावर साहेब गाणी म्हणत होते, तिथेच आता पाय भरून येतात आणि छाती धपापते. तेवढ्यात ग्रुपमधलं कुणीतरी म्हणतंच, ‘काय रे, म्हातारा झालास की काय?’

टेन्शन नको, बॉस. तो म्हातारा झालेला नाही. त्याने फक्त ब्रेक घेतलाय.

तसं सायकल चालवायला कुणी विसरत नाही. बॅलन्स एकदा डोक्यात बसला की बसला. स्टॅमिनाचा हिशेब मात्र बँकेसारखा आहे. भरणा थांबला की शिल्लक उतरायला लागते, आणि तीही आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर.

आधी जातं ते रक्त!

दचकू नका. व्यायामाची सवय असलेल्या शरीरात रक्ताचं प्रमाण वाढलेलं असतं. सायकल बंद झाली की पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, कमी व्हायला लागतो. मग हृदय एका ठोक्यात आधीपेक्षा कमी रक्त ढकलतं. कसर भरून काढायला त्याला जास्त वेळा धडधडावं लागतं. म्हणून चढ तोच, स्पीड तोच, पण नाडी मात्र सुसाट.

अमेरिकेत एडवर्ड कॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४मध्ये यावर एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षं सराव करणाऱ्या ७ जणांचा व्यायाम त्यांनी ८४ दिवस बंद ठेवला. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, त्याला ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणतात. हा आकडा पहिल्या ३ आठवड्यांत ७ टक्क्यांनी घसरला आणि ८ आठवड्यांत १६ टक्क्यांनी. गंमत म्हणजे, तिथे तो थांबला. कधीच व्यायाम न केलेल्या माणसाच्या पातळीपर्यंत तो उतरलाच नाही.

कारण सरावाच्या काळात स्नायूंमध्ये तयार झालेलं केशवाहिन्यांचं जाळं एवढ्यात मोडत नाही. पाइपलाइन शाबूत असते, प्रेशर तेवढं कमी झालेलं असतं.

वीस वर्षांची पोरं, पन्नाशीचे काका

१९६६मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात विशीतल्या ५ तरुणांना ३ आठवडे नुसतं बिछान्यावर झोपवून ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांची क्षमता एक चतुर्थांशाहून जास्त घटली. ३० वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. त्या ३ आठवड्यांच्या झोपेने केलेलं नुकसान ३० वर्षांच्या वयवाढीपेक्षा मोठं होतं! पण पुढची गोष्ट जास्त भारी आहे. ६ महिने हळूहळू सराव वाढवत नेला, तेव्हा पन्नाशीत ते पुन्हा आपल्या विशीतल्या मूळ पातळीला पोचले. मग तिशीच्या आतल्या तुम्हा-आम्हाला काय धाड भरलीय?

तोरणमाळ कुठे पळून जात नाही

खरी गडबड होते ती परतीच्या पहिल्या आठवड्यात. मनाला जुना स्पीड आठवत असतो, गुडघ्यांना नाही. शहाद्याच्या सपाटीवरून अकराशे मीटरहून उंच असलेल्या तोरणमाळला थेट भिडायचं, दोन दिवस लंगडायचं आणि ‘आता आपल्याच्याने होत नाही’ म्हणून सायकल पुन्हा जिन्याखाली... असे कितीतरी ब्रेक मग कायमचे होतात.

त्यापेक्षा पहिले दोन आठवडे प्रकाशाच्या बाजूचा सपाट रस्ता पकडा. जुन्या अंतराच्या निम्मंच अंतर, हलका गिअर. पेडल मारता मारता सलग वाक्य बोलता आलं पाहिजे, एवढाच स्पीड. प्लाझ्मा काही दिवसांतच वाढायला लागतो, त्यामुळे पहिला फरकही लवकर जाणवतो. स्नायूंना मात्र काही आठवडे द्यावे लागतात. तिसऱ्या आठवड्यापासून एखादा छोटा चढ घ्या, घाट त्यानंतर.

ऊन हा नंदुरबारचा वेगळाच पेपर आहे. उन्हाची सवयसुद्धा काही आठवड्यांत जाते आणि परत यायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. एसी ऑफिसमधून थेट एप्रिलच्या उन्हात उडी नको, पहाटेच निघा. बंद पडलेल्या सायकलचे ब्रेक, केबल आणि टायर तपासल्याशिवाय घाट उतरू नका. छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर हिरोगिरी न करता सरळ डॉक्टर गाठा.

ऑफिसवाल्यांसाठी फंडा

ब्रेक पुन्हा येणारच. प्रोजेक्ट, पावसाळा, लग्नसराई, काहीही. पण पूर्ण बंद आणि थोडं चालू यांत फार फरक आहे. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं, की आठवड्यातले ६ दिवस २ वर आणले तरी कमावलेली क्षमता १५ आठवडे टिकते. अट एकच, त्या दोन दिवसांचा जोर कमी करायचा नाही. दिवस कापा, दम कापू नका. मंगळवारी पाऊण तास, रविवारी पाऊण तास. एवढा वेळ तर आपण ट्रॅफिकमध्येच घालवतो!

नंदुरबारच्या खेड्यांत मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर मुली शाळेत जातात. त्यांच्याकडे ना घड्याळात नाडी मोजणारं अॅप, ना ट्रेनिंग प्लॅन. शाळा असते म्हणून सायकल निघते, बस्स. ‘वेळ मिळाला की जाऊ’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यांच्याकडून एवढं तरी उचलावं.

तेव्हा या रविवारी आधी हवा भरा. मागच्या वर्षीचा टायमिंग मोबाईलमध्येच राहू द्या. जवळच्या चहाच्या टपरीपर्यंत जाऊन परत आलात, तरी खात्यात भरणा सुरू झाला म्हणायचा!