काचघराचे छायाचित्र लहान करताना

बंगळुरूच्या लालबागेतील काचघराची पायाभरणी १८८९ साली झाली. लोखंडी सांगाड्यात काचा बसवून ही वास्तू उभारलेली आहे. तेथील पुष्पप्रदर्शनाचे छायाचित्र एखाद्या संकेतस्थळावर द्यावयाचे आहे, असे समजू.

अंकीय छायाचित्र सूक्ष्म ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. चित्र ४००० पिक्सेल रुंद व ३००० पिक्सेल उंच असल्यास त्यात १ कोटी २० लाख ठिपके भरतात. संकेतस्थळाच्या पानास १००० पिक्सेल रुंदी बहुधा पुरते. अधिक ठिपक्यांमुळे चित्र उमटण्यास विलंब होतो आणि पाहणाऱ्याचा डेटा व्यर्थ खर्च होतो.

‘पेंट’सारख्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र उघडून ‘रिसाइझ’ हा पर्याय निवडावा. रुंदी १००० लिहिताच उंची आपोआप ७५० होते. मात्र प्रमाण कायम राखण्याच्या चौकटीत खूण असली पाहिजे, नाहीतर काचघर चेपलेले दिसते. आता ठिपके साडेसात लाख, म्हणजे मूळच्या सोळावा हिस्सा उरतात.

उरलेले ठिपके कोठे जातात? सॉफ्टवेअर शेजारशेजारच्या ठिपक्यांचे रंग मिसळून त्यांच्या जागी एकच ठिपका ठेवते. काचांमधील बारीक लोखंडी पट्ट्या त्यामुळे पुसट होतात. चित्र पुन्हा ४००० पिक्सेलचे केले तरी त्या परत येत नाहीत. केवळ धूसरपणा मोठा होतो. दिवंगत आजोबांचे एकुलते एक छायाचित्र असे लहान करून नुसते ‘सेव्ह’ केले, तर चेहऱ्यावरील बारकावे कायमचे गेले. म्हणून लहान प्रत ‘सेव्ह ॲज’ने निराळ्या नावाने जतन करावी, ‘काचघर-लहान’ असे साधे नावही चालते.