एका यजमानाचा कंट्रोलर

सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन ३ या गेम कन्सोलसाठी बनवलेला ड्युअलशॉक ३ हा बिनतारी कंट्रोलर ब्लूटूथवर चालतो, आणि आज बहुतेक प्रत्येक लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ असते. तरीही या दोघांची गाठ आपोआप पडत नाही. संगणकावर जवळपासच्या ब्लूटूथ उपकरणांची यादी उघडली तर तीत शेजारच्या खोलीतला हेडफोन दिसतो, मोबाइल दिसतो, पण हातात धरलेला कंट्रोलर मात्र दिसत नाही. त्यात काही बिघाड झालेला नसतो. नवख्या यंत्रांनी एकमेकांची ओळख करून घेण्याचा जो भाग ब्लूटूथच्या प्रमाणित पद्धतीत असतो, तो या कंट्रोलरच्या रचनेत ठेवलेलाच नाही. त्याऐवजी कन्सोल आणि कंट्रोलर यांच्यापुरती एक वेगळी, अतिशय सुटसुटीत रीत बसवलेली आहे. ती रीत बाहेरच्यांसाठी नव्हतीच. हा कंट्रोलर संगणकावर चालतो तो ती रीत स्वतः शोधून काढणाऱ्या आणि पुढे वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या स्वयंसेवी प्रोग्रामरांमुळे, आणि म्हणूनच या छोट्याशा यंत्राचा परिचय त्यांच्या कामाच्या अंगाने करून घेणे अधिक उद्बोधक ठरते.

त्याचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. दोन अ‍ॅनालॉग स्टिक, म्हणजे अंगठ्याने चारी दिशांना कमी-अधिक कलवता येणाऱ्या दांड्या, आणि मुठीत थरथरणाऱ्या दोन मोटारी असलेला पहिला ड्युअलशॉक १९९७ मध्ये आला. २००० साली प्लेस्टेशन २ सोबत आलेल्या ड्युअलशॉक २ ची बटणे किती जोराने दाबली हेही ओळखू लागली. नोव्हेंबर २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ बाजारात आला, त्याच्या सिक्सॲक्सिस या कंट्रोलरने तार काढून टाकली आणि हालचालीची जाणीव मिळवली, पण कंपन गमावले. कंपनामुळे हालचाल मोजणाऱ्या संवेदकांमध्ये व्यत्यय येतो, असे कंपनीचे तेव्हाचे स्पष्टीकरण होते. त्याच काळात कंपनाच्या पेटंटवरून इमर्शन या कंपनीबरोबर सोनीचा खटलाही चालू होता. मार्च २००७ मध्ये तो मिटला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जपानमध्ये ड्युअलशॉक ३ आला, ज्यात कंपन आणि हालचालीची जाणीव दोन्ही एकत्र नांदत होती. प्लेस्टेशन ३ चे ८ कोटींहून अधिक संच विकले गेले असल्यामुळे हे कंट्रोलर जगभर विखुरले, आणि कन्सोल अडगळीत गेल्यावरही त्यांतले पुष्कळसे धडधाकट राहिले.

आतून पाहिले तर हा कंट्रोलर त्याच्या काळाच्या मानाने फारच बोलका आहे. तो यजमान यंत्राला, म्हणजे ज्याला जोडला आहे त्या कन्सोलला किंवा संगणकाला, एकसारखे ४९ बाइटचे अहवाल पाठवत राहतो. प्रत्येक स्टिकच्या आडव्या आणि उभ्या स्थितीसाठी ० ते २५५ मधला एकेक आकडा असतो आणि स्टिक मध्यावर असताना तो १२८ च्या आसपास राहतो. दिशादर्शक चार, समोरची चार आणि खांद्यावरची चार अशा बारा बटणांसाठी केवळ ‘दाबले’ किंवा ‘सोडले’ एवढेच नव्हे, तर दाबाचेही वेगळे आकडे येतात. फुलीचे बटण हलकेच टेकवले तर लहान आकडा, अंगठा रोवला तर २५५. त्याखेरीज तीन अक्षांवरचा त्वरणमापक आणि वळण ओळखणारा एक गायरोस्कोप यांची मापेही त्याच अहवालात असतात. संगणकावरच्या बहुसंख्य खेळांना यातल्या निम्म्या माहितीचाही उपयोग करता येत नाही, ही खरोखर हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे.

मात्र या यंत्राचा खरा स्वभाव कळतो तो त्याच्या जोडणीत. सामान्य ब्लूटूथ उपकरण जोडणीच्या वेळी स्वतःला ‘शोधता येण्याजोगे’ करते, दुसरे यंत्र त्याला शोधते, दोघे मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि ती आपापल्या स्मृतीत जपून ठेवतात. पुढच्या प्रत्येक भेटीत त्याच किल्लीने ओळख पटते आणि संभाषण कूटबद्ध होते. ड्युअलशॉक ३ यातले काहीच करत नाही. तो केबलने कन्सोलला जोडला की कन्सोल त्या केबलवरून स्वतःचा ब्लूटूथ पत्ता, म्हणजे प्रत्येक ब्लूटूथ यंत्राला दिलेला ६ बाइटचा ओळखक्रमांक, कंट्रोलरच्या स्मृतीत लिहितो आणि कंट्रोलरचा पत्ता स्वतःकडे टिपून घेतो. केबल काढून मधले प्लेस्टेशनचे बटण दाबले की कंट्रोलर त्या एकाच पत्त्याला साद घालतो. त्याच्या स्मृतीत पत्त्याला जागा एकच असते. दुसऱ्या यंत्राला केबलने जोडून नवा पत्ता लिहिला की जुना पुसला जातो, आणि पहिल्या यजमानाकडे परत जायचे तर पुन्हा केबल शोधावी लागते.

घरगुती वापराच्या दृष्टीने ही रचना देखणी आहे, कारण लहान मुलालाही ती एका वाक्यात समजावता येते: तार लावा, बटण दाबा, तार काढा. ना यादी, ना सांकेतिक क्रमांक, ना शेजाऱ्याच्या कन्सोलला चुकून जोडले जाण्याचा धोका. पण संगणकाला हा करार ठाऊकच नसतो. तो कंट्रोलरने पुढाकार घेण्याची वाट पाहत बसतो आणि कंट्रोलर मात्र कुठल्या तरी कपाटात बंद पडून असलेल्या कन्सोलला हाका मारत राहतो. त्याच्या कडेवरचे चार लाल दिवे एकत्र लुकलुकतात आणि उत्तर न आल्यामुळे काही वेळाने विझतात. हा हट्ट चार्जिंगपर्यंत पोचलेला आहे. पलीकडे खरोखरचे यूएसबी यजमान यंत्र असल्याशिवाय तो वीज घेत नाही, त्यामुळे मोबाइलच्या साध्या चार्जरला लावला तर बॅटरी भरतच नाही.

या कराराचा उलगडा लवकरच झाला. कंट्रोलर केबलने जोडलेला असताना ‘एफ२’ या क्रमांकाचा अहवाल मागितला तर तो स्वतःचा पत्ता सांगतो, आणि ‘एफ५’ या क्रमांकाच्या अहवालात यजमानाचा पत्ता वाचताही येतो आणि लिहिताही येतो, हे हौशी संशोधकांना आढळले. २००७ मध्ये ‘सिक्सपेअर’ नावाचा सी भाषेतला एक छोटा प्रोग्राम उपलब्ध झाला, जो एवढेच एक काम करी: संगणकाच्या ब्लूटूथचा पत्ता कंट्रोलरच्या स्मृतीत लिहिणे. जिथे कन्सोलचा पत्ता अपेक्षित होता तिथे संगणकाचा पत्ता गेला आणि कंट्रोलरने तो निमूटपणे मान्य केला. तरीही एक अडसर उरला होता, तो म्हणजे जोडणी झाल्यावरही कंट्रोलर गप्पच राही. ‘एफ४’ या क्रमांकाची एक विशिष्ट आज्ञा यजमानाकडून गेली की मगच अहवालांचा ओघ सुरू होतो. आणि कितवा खेळाडू हे सांगणारी आणखी एक आज्ञा गेली की लुकलुकणाऱ्या चार दिव्यांपैकी एकच स्थिर होतो. दिवा स्थिर होणे ही जोडणी पूर्ण झाल्याची सर्वांत विश्वसनीय खूण, आणि संगणकावर तोही कुणीतरी प्रोग्राम लिहून पेटवावा लागतो.

लिनक्समध्ये हे ज्ञान कालांतराने प्रणालीतच मुरले. त्याच्या गाभ्यातला ‘हिड-सोनी’ हा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राची भाषा प्रणालीला समजावून देणारा दुभाषी प्रोग्राम, अहवालांचा अर्थ लावतो, तर ‘ब्लूझ’ या ब्लूटूथ संचातला सिक्सॲक्सिससाठीचा भाग पत्त्यांची देवाणघेवाण करतो. वापरणाऱ्याला फक्त केबल लावायची, पडद्यावर विचारलेल्या प्रश्नाला होकार द्यायचा, केबल काढायची आणि मधले बटण दाबायचे, इतकी ती क्रिया मूळ कन्सोलच्या जवळ गेली आहे. केबल मात्र नीट पारखून घ्यावी लागते, कारण जुन्या मिनी-यूएसबी केबलींपैकी काहींत केवळ विजेच्या तारा असतात, माहितीच्या नसतात, आणि अशा केबलीवर पत्ता लिहिलाच जात नाही.

विंडोजवरची वाट अधिक खडतर होती. कंट्रोलर ज्या दोन ब्लूटूथ वाहिन्यांवर, म्हणजे १७ आणि १९ या क्रमांकांवर, दार ठोठावतो, त्या विंडोजने कीबोर्ड-माउससारख्या प्रमाणित उपकरणांसाठी स्वतःच्या ताब्यात ठेवलेल्या आहेत, आणि रीतसर ओळख न पटवता आलेल्या पाहुण्याला तिथे प्रवेश नाही. सुरुवातीच्या उपायांनी हा पेच बाजूने टाळला: ब्लूटूथचा डोंगलच, म्हणजे संगणकाला बाहेरून जोडायचे छोटे ब्लूटूथ यंत्रच, विंडोजच्या हातून काढून घेऊन तो केवळ कंट्रोलरसाठी राखून ठेवला. पण मग त्याच डोंगलवर हेडफोन किंवा माउस चालेनासा होई, आणि ड्रायव्हर बदलताना यादीतून चुकीचे उपकरण निवडले गेले तर संगणकाचा माउस किंवा कीबोर्डच निकामी होऊन बसे. पुढे ‘नेफेरियस’ या टोपणनावाने काम करणाऱ्या प्रोग्रामरने ‘बीटीएचपीएस३’ हा ड्रायव्हर लिहिला, त्यातली युक्ती मनापासून दाद द्यावी अशी आहे. कंट्रोलरची विनंती येते त्या क्षणी हा ड्रायव्हर तिच्यातला वाहिनी क्रमांक बदलून दुसराच एक कृत्रिम क्रमांक घालतो, त्यामुळे ती विनंती विंडोजच्या पहारेकऱ्याकडे न जाता थेट त्याच्याकडे येते आणि इतर ब्लूटूथ उपकरणांना धक्काही लागत नाही. त्याच्या जोडीचा ‘डीएसहिडमिनी’ हा ड्रायव्हर पुढचे भाषांतर करतो.

भाषांतराची गरज वेगळ्या कारणाने पडते. एक्सबॉक्स ३६० च्या काळात, म्हणजे २००५ च्या सुमारास, मायक्रोसॉफ्टने एक्सइनपुट नावाची नवी पद्धत आणली, जिच्यात प्रत्येक कंट्रोलर एक्सबॉक्सच्या कंट्रोलरसारखाच आहे असे गृहीत धरलेले असते. नंतरचे असंख्य खेळ फक्त तीच भाषा जाणतात. त्यामुळे ड्युअलशॉक ३ ला स्वतःची ओळख लपवून वावरावे लागते; पडद्यावर फुलीऐवजी ‘ए’ बटण दाबायची सूचना येते आणि दाबाचे बाराच्या बारा आकडे चालू-बंद अशा दोनच शक्यतांमध्ये चेपले जातात. अपवाद फक्त खालच्या दोन खांदा-बटणांचा, कारण एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला तिथे दाब मोजणारे ट्रिगर आहेत.

विंडोजवर आणखी एक अडचण आहे, ती तांत्रिकपेक्षा आर्थिक अधिक. २०१६ मधल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून प्रणालीच्या गाभ्यात चालणाऱ्या नव्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही लागते, आणि ती मिळवायची तर महागडे प्रमाणपत्र घ्यावे लागते. संगणकाच्या सुरक्षिततेसाठी ही अट योग्यच आहे. पण फावल्या वेळात विनामूल्य काम करणाऱ्या माणसाला ती भार होते, आणि एका कंट्रोलरचे भवितव्य एकदोघांच्या उत्साहावर आणि खिशावर टांगलेले राहते, ही काळजीची बाब आहे.

नकली कंट्रोलरांनी त्यात भर घातली. भारतासह अनेक देशांच्या बाजारांत ड्युअलशॉक ३ सारखेच दिसणारे, त्याच नावाने ओळख सांगणारे स्वस्त कंट्रोलर सर्रास मिळतात, पण आतली चिप वेगळी असल्यामुळे त्यांचे वागणे मूळ कंट्रोलरशी तंतोतंत जुळत नाही. काहींना जागे करायला एखादी जादा विचारणा करावी लागते, काहींना कंपनाची आज्ञा वेगळ्या मार्गाने पाठवावी लागते. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये गासिया आणि शानवान यांच्यासारख्या नावांच्या कंट्रोलरांसाठी खास तरतुदी आहेत, आणि त्यांतली प्रत्येक तरतूद म्हणजे कुणीतरी असा कंट्रोलर विकत घेऊन, तो का चालत नाही याचा चिकाटीने शोध घेतल्याची साक्ष आहे.

सर्वांत गंभीर प्रश्न मात्र ज्या सुटसुटीतपणाचे कौतुक करावे त्याच्याच पोटात दडलेला होता. किल्ली नाही म्हणजे कूटबद्धता नाही. कंट्रोलर आणि यजमान यांच्यातला संवाद पोस्टकार्डासारखा उघडा असतो, आणि यजमानाने अशा संवादाला मान्यता द्यायची तर त्याला आपले दार अनोळखी यंत्रांसाठीही किलकिले ठेवावे लागते. २०२० मध्येच ब्लूझमध्ये एक दुरुस्ती आली होती, जिच्यामुळे रीतसर किल्ली जुळवलेल्या उपकरणांनाच कीबोर्ड किंवा कंट्रोलर म्हणून प्रवेश देता येई. पण अशी जुनी उपकरणे बंद पडू नयेत म्हणून ती सेटिंग मुळात बंद ठेवली गेली. डिसेंबर २०२३ मध्ये मार्क न्यूलिन या सुरक्षा-संशोधकाने दाखवून दिले की या ढिलाईचा फायदा घेऊन जवळपासचा कुणीही स्वतःला ब्लूटूथ कीबोर्ड म्हणवून मालकाच्या परवानगीविना संगणकावर मजकूर टंकू शकतो. त्यावरचा उपाय म्हणून ती सेटिंग मुळातच चालू ठेवण्यात आली, आणि नेहमीचा अपडेट घेतलेल्या अनेक लिनक्स संगणकांवर दुसऱ्या दिवशी ड्युअलशॉक ३ चे चारही दिवे पुन्हा नुसते लुकलुकू लागले.

यावर एका ओळीचा उपाय चटकन पसरला: ‘इनपुट.कॉन्फ’ या फाइलीत ती सेटिंग पुन्हा बंद करणे. खेळ सुरू होई हे खरे, पण त्यासाठी सबंध संगणकाचे दार पुन्हा उघडे पडे, आणि ही किंमत खेळणाऱ्या सर्वांनाच समजलेली असेल असे म्हणता येत नाही. नीट तोडगा ब्लूझच्या पुढच्या आवृत्त्यांत आला. त्यांत केबलने जोडलेल्या उपकरणाची वेगळी नोंद ठेवली जाते आणि कूटबद्धतेच्या अटीतून केवळ त्या नोंदलेल्या पत्त्याला सूट मिळते. इतरांसाठी दार बंदच राहते. संवाद अर्थात उघडाच राहतो, कारण कंट्रोलरमधला मूळ प्रोग्राम बदलणे कुणाच्या हातात नाही.

२०२१ मध्ये सोनीने लिनक्सच्या गाभ्यासाठी स्वतःचा अधिकृत ड्रायव्हर दिला, पण तो प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्ससाठी होता. पुढे प्लेस्टेशन ४ च्या ड्युअलशॉक ४ चाही त्यात समावेश झाला. तो कंट्रोलर शेअर आणि मधले बटण एकत्र धरून ठेवले की इतर उपकरणांसारखा यादीत दिसतो, त्यामुळे त्याला अशा कसरतींची गरजही कमी होती. ड्युअलशॉक ३ मात्र जुन्या ‘हिड-सोनी’ ड्रायव्हरमध्येच राहिला, आणि प्रत्येक नव्या सुरक्षा-नियमाबरोबर त्याच्यासाठी नवा अपवाद शोधून लिहिण्याचे काम पूर्वीसारखेच स्वयंसेवकांकडे आहे.