मित्रजंतूंच्या कॅप्सूल : कुणाला गुण, कुणाला नुसता खर्च

अँटिबायोटिकच्या जोडीला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हल्ली आणखी एक कॅप्सूल हमखास दिसते. या कॅप्सूलमध्ये, पुडीत किंवा छोट्या प्लॅस्टिकच्या कुपीत चक्क जिवंत जंतू असतात. जंतू म्हटले की आपण दचकतो. पण आपल्या आतड्यात अब्जावधी जंतूंचा कायमचा मुक्काम असतो आणि त्यांतले बरेचसे आपले मित्रच असतात. ते पचनाला हातभार लावतात, काही जीवनसत्त्वे तयार करतात आणि रोगजंतूंना जागा मिळू देत नाहीत. अशा उपयुक्त जंतूंच्या औषधाला 'प्रोबायोटिक' म्हणतात. जपानी डॉक्टर मिनोरू शिरोता यांनी असा एक जंतू १९३० सालीच वेगळा केला होता.

रुग्णांचे अनुभव

रुग्णांचे अनुभव साधारण तीन प्रकारचे असतात. घशासाठी किंवा दातासाठी अँटिबायोटिक घेतले की ज्यांना हगवण लागते, ते सांगतात, "या वेळी ही कॅप्सूल बरोबर होती, म्हणून पोट बिघडले नाही." हे पटण्यासारखे आहे. अँटिबायोटिक रोगजंतूंबरोबर मित्रजंतूंनाही मारते, आणि ती हगवण टाळण्यासाठी काही प्रोबायोटिक्स उपयोगी पडतात.

दुसरा गट गॅस, पोटफुगी आणि अनियमित शौचाने वर्षानुवर्षे त्रासलेल्यांचा. कुणी म्हणतो, "पंधरा दिवसांत पोट हलके झाले." कुणी म्हणतो, "पैसे वाया गेले." सुरुवातीचे काही दिवस गॅस वाढल्याची तक्रारही अनेक जण करतात. हा विकार मुळात कमी-जास्त होणारा आहे. त्रास ओसरला तो औषधाने की आपोआप, हे एकट्या रुग्णाला ठरवता येत नाही.

तिसरा गट काळजीत टाकणारा. शौचातून रक्त पडते, वजन उतरते आहे. पण मूळव्याध असेल किंवा पोट बिघडले असेल असे समजून महिनोन् महिने दुकानातून पुड्या आणून घेतल्या जातात. आतड्याच्या कॅन्सरची किंवा क्षयाची तपासणी त्यामुळे लांबते आणि मोलाचा वेळ हातचा जातो.

संशोधन काय सांगते?

कोलकात्यातील लहान मुलांना बारा आठवडे रोज प्रोबायोटिक पेय दिले असता हगवणीचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी घटले, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. उलट अमेरिका व कॅनडातील दोन मोठ्या अभ्यासांत (२०१८) जुलाब सुरू झालेल्या मुलांना काहीच फायदा झाला नाही. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये बहुतेक पोटविकारांसाठी प्रोबायोटिकची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असे सांगितले. थोडक्यात, प्रत्येक जंतूचा गुण वेगळा. एकाला लागू पडले म्हणून शेजाऱ्याने तेच घ्यावे असे नाही.

हे लक्षात ठेवा

- मुलाला जुलाब झाल्यास आधी जलसंजीवनी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक. प्रोबायोटिक त्यांची जागा घेऊ शकत नाही.
- पुडी गरम दुधात किंवा चहात घालू नये, जंतू मरतात.
- अंतिम तारीख पाहावी. थंड जागी ठेवण्याची सूचना असल्यास ती पाळावी.
- अँटिबायोटिक आणि ही कॅप्सूल यांत साधारण दोन तासांचे अंतर ठेवावे.
- केमोथेरपी चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

घरचे ताजे दही-ताक पौष्टिक आणि स्वस्त. दूध न पचणाऱ्या अनेकांना दही पचते. त्यातले जंतू कोणते व किती हे मोजलेले नसते, म्हणून ते औषध नव्हे. पण रोजच्या जेवणात जरूर असावे. कढी केली की मात्र त्यातील जंतू उरत नाहीत.

महिनाभर घेऊनही फरक नसेल तर कॅप्सूल बंद करावी. आणि शौचातून रक्त, काळे शौच, विनाकारण उतरणारे वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पंचेचाळिशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय यांपैकी काहीही आढळले तर औषधाच्या दुकानात नव्हे, डॉक्टरांकडे जावे.