नायट्रोजनने नाकारलेला इलेक्ट्रॉन

१९७७ चा मे महिना. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या अणुगर्भ प्रयोगशाळेत दोन काळ्या पदार्थांची परीक्षा लागली होती. एक होते पेट्रोलियमपासून केलेले ग्राफाइट. दुसरा होता अमेरिकन माणूस सुट्टीच्या दिवशी अंगणात मांस भाजायला विकत आणतो तो साधा लाकडी कोळसा. रसायनशास्त्राच्या हिशेबी दोन्ही कार्बनच. पण कोळशाचे झाड आत्ताआत्तापर्यंत जिवंत होते, हवेतला कार्बन घेत होते. ग्राफाइटमधल्या कार्बनचा हवेशी संबंध तुटून कोट्यवधी वर्षे लोटली होती. म्हणजे कोळशात कार्बन-१४ चे अणू सापडायला हवेत आणि ग्राफाइटमध्ये सापडता कामा नयेत. यंत्राला एवढे ओळखता आले, तर पुरातत्त्वाचे दिवस पालटणार होते.

प्रयोगाच्या मुळाशी तिघे जण होते. प्रयोगशाळेचे प्रमुख हॅरी गोव्ह, टोरांटो विद्यापीठाचे टेड लिथरलँड आणि केन पर्सर. पहिले दोघे कॅनडातल्या चॉक रिव्हरपासूनचे जुने सहकारी, अणुभौतिकीत नाव कमावलेले. पर्सरही पूर्वी रॉचेस्टरलाच होते, पण आता ते मॅसॅच्युसेट्समधल्या इप्सविच गावाहून येत होते. तिथे त्यांची जनरल आयोनेक्स नावाची छोटी कंपनी होती. धंदा काय, तर आयनांचे झोत तयार करणारी उपकरणे बनवणे. प्राध्यापकांच्या मेळ्यात हा माणूस ‘पुरवठादार’ वाटावा असा. पण कुलूप उघडणारी किल्ली त्यांच्याच खिशात होती.

कुलूप कोणते ते आधी पाहू. सजीव मेला की त्यातला कार्बन-१४ घटू लागतो, ५,७३० वर्षांत निम्मा होतो. उरलेला मोजला की वय कळते. विलर्ड लिबी यांनी १९४९ मध्ये हे करून दाखवले आणि १९६० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पण त्यांच्या पद्धतीत अणू मोजले जात नव्हते. एखादा अणू फुटला की त्याची नोंद व्हायची. ताज्या कार्बनच्या एका ग्रॅममध्ये कार्बन-१४ चे सुमारे सहा हजार कोटी अणू असतात आणि त्यांतले मिनिटाला फुटतात जेमतेम चौदा. गावाची लोकसंख्या काढण्यासाठी स्मशानाच्या दारात वही घेऊन बसावे, तसला हा प्रकार. म्हणून नमुना लागायचा ग्रॅमच्या मापाने. मिलिग्रॅमभर कार्बन दिला तर दिवसभरात वीसएक नोंदी व्हायच्या आणि त्याही आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांच्या गलक्यात हरवून जायच्या.

आपल्याकडच्या उत्खननांनाही हीच अडचण होती. १९६० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्बन-१४ ची प्रयोगशाळा चालू होती. हडप्पा आणि ताम्रपाषाण संस्कृतींच्या कालक्रमात तिच्या तारखांना मोठे स्थान आहे. पण त्यासाठी कोळसा भरपूर लागायचा. डेक्कन कॉलेजच्या मंडळींना इनामगावच्या मातीत जळलेले धान्य मिळाले. त्यातल्या एकट्या दाण्याचे वय काढायचे म्हटले असते, तर जुन्या पद्धतीने ते जमण्यासारखे नव्हते.

मग फुटण्याची वाट कशाला पाहायची, अणूच वेचून का मोजू नयेत? कल्पना जुनी होती, पण दर वेळी नायट्रोजन आडवा येई. कार्बन-१४ आणि साधा नायट्रोजन-१४ यांच्या वजनातला फरक ऐंशी हजारांत एक भाग एवढासुद्धा नाही. शिवाय कार्बन-१४ लाख कोटी कार्बन अणूंमागे एखादा, आणि नायट्रोजन तर हवेतच पाऊण हिस्सा भरलेला. पंपाने हवा कितीही उपसली तरी यंत्रात तो थोडाफार उरतोच. वजनाने अणू वेगळे करणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरला या गर्दीत कार्बन-१४ दिसणे शक्य नव्हते.

कॅलिफोर्नियात बर्कलेच्या रिचर्ड म्युलर यांनी १९७७ मध्येच सायक्लोट्रॉनचा मार्ग सुचवला. अणूंना प्रचंड वेग द्यायचा आणि मग पदार्थातून जाताना नायट्रोजन आधी थांबतो, कार्बन पुढे जातो, या फरकावर त्यांना निवडायचे. विचार चोख होता. त्यांचे गुरू लुई अल्व्हारेझ यांनी १९३९ मध्ये सायक्लोट्रॉननेच निसर्गातला हेलियम-३ पकडला होता, तेव्हा घराण्याला साजेसाही होता. पण सायक्लोट्रॉनमध्ये धन आयन घातले जात, आणि धन आयन व्हायला नायट्रोजन एका पायावर तयार असतो. म्हणजे आधी शत्रूला सैन्यासह आत घ्यायचे आणि मग त्याच्याशी लढायचे.

पर्सर यांचे सगळे आयुष्य यंत्राच्या दारातच गेले होते. त्यांच्या उपकरणात काय घडते ते जरा जवळून पाहू. कार्बनची छोटी गोळी ठेवलेली असते. तिच्यावर सीझियमच्या आयनांचा मारा होतो. पृष्ठभागावरचे कार्बनचे अणू उडतात. सीझियम इलेक्ट्रॉन सहज सोडून देणारी धातू. तिचा पातळ थर गोळीवर बसलेला असतो, त्यामुळे उडताना पुष्कळ अणू एक जादा इलेक्ट्रॉन घेऊन निघतात. हे ऋण आयन. रॉचेस्टरचा टँडेम त्वरक असल्याच आयनांवर चालायचा. आणि नायट्रोजन? त्याच्या बाहेरच्या कक्षेतली मांडणी अशी नेमकी अर्धी भरलेली असते की जादा इलेक्ट्रॉन तो टिकवून धरूच शकत नाही. त्याचा ऋण आयन झालाच तरी यंत्राच्या तोंडापर्यंत पोचण्याच्या कितीतरी आधी विरून जातो. म्हणजे नायट्रोजनला हाकलायला काही करावेच लागत नाही. तो दारातच गळतो.

हे कागदावर ठीक होते. पण लाख कोटींत एक शोधताना ‘जवळजवळ नाही’ याला काही अर्थ नसतो. अत्यल्प प्रमाणात का होईना, नायट्रोजन टिकला असता तरी सगळे मुसळ केरात गेले असते.

दुसरे संकट रेणूंचे होते. साध्या कार्बनला हायड्रोजनचे दोन अणू चिकटले की वजन पुन्हा चौदाच, आणि हे रेणू खुशाल ऋण आयन होतात. त्यावरचा उतारा टँडेम यंत्राच्या पोटातच होता. लाखो व्होल्टच्या मधल्या टोकाकडे ऋण आयन खेचले जातात आणि तिथे विरळ वायूतून किंवा पातळ पापुद्र्यातून घुसताना त्यांचे इलेक्ट्रॉन सोलून निघतात. ज्या रेणूचे तीन किंवा अधिक इलेक्ट्रॉन गेले, त्याचे तुकडे एकमेकांना ढकलून फुटून जातात. एकटा कार्बन अणू मात्र शाबूत बाहेर पडतो. रेणू असे मोडून काढणाऱ्या अतिसंवेदनशील स्पेक्ट्रोमीटरच्या पेटंटसाठी पर्सर यांनी १९७६ मध्येच अर्ज केला होता. विद्यापीठांत चर्चा रंगली होती तेव्हा कंपनीवाला कागदपत्रे करून मोकळा झाला होता, हे मला या कथेत फार आवडते.

तर मे महिन्यात गोळ्या बसवल्या गेल्या. झोत निघाला, त्वरकातून गेला, चुंबकांनी वाकवला, शेवटी वायूने भरलेल्या डिटेक्टरमध्ये शिरला. तिथे प्रत्येक कण वायूत किती ऊर्जा गमावतो ते मोजले जाई, आणि त्यावरून सहा प्रोटॉनचा कार्बन आणि सात प्रोटॉनचा नायट्रोजन एकेक करून ओळखता येई. कोळसा लावला आणि जिथे कार्बन-१४ दिसायला हवा तिथेच नोंदींचा ढीग जमू लागला. ग्राफाइट लावले, तर ती जागा जवळपास रिकामी! नायट्रोजनने शब्द पाळला होता.

नोव्हेंबर १९७७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात लेख आला. ऋण आयन हीच किल्ली, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. लेखकांची आठ नावे आद्याक्षरांच्या क्रमाने होती, त्यामुळे पर्सर सातवे. गंमत अशी, की त्याच अंकात त्याच्या अगदी आधी कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात झालेल्या तशाच प्रयोगाचा लेख होता. तो करणाऱ्या मंडळींनाही तेच सुचले होते, त्याच सुमारास. शोधाची वेळ आली की तो दोन दारांवर एकदम टकटक करतो, हे नवे नाही. पण पुढे काय करायचे ते कंपनीला जास्त नीट कळले होते. अणुगर्भ फोडायला बांधलेले अवाढव्य यंत्र प्रत्येक पुरातत्त्व विभागाला कोण देणार? जनरल आयोनेक्सने फक्त या कामासाठी छोटा त्वरक तयार केला, टँडेट्रॉन. तो ॲरिझोना, टोरांटो आणि जपानातल्या नागोयाला गेला.

ट्यूरिनच्या कफनाचा निकाल याच यंत्रांच्या काळातला. येशूच्या देहावरचे म्हणून पुजले जाणारे ते वस्त्र. लिबींच्या पद्धतीने वय काढायचे तर रुमालाएवढा तुकडा जाळावा लागला असता, आणि चर्चने तो कदापि दिला नसता. आता टपाल तिकिटाएवढा पुरे होता. आधी सात प्रयोगशाळा ठरल्या होत्या, पुढे तीनच राहिल्या: ॲरिझोना, ऑक्सफर्ड आणि झुरिच. ज्या रॉचेस्टरने वाट दाखवली तिलाच वगळले गेले आणि गोव्ह यांनी त्यावर जाहीर टीका केली. तरी मे १९८८ मध्ये ॲरिझोनाच्या टँडेट्रॉनवर पहिले मापन झाले तेव्हा ते पाहुणे म्हणून हजर होते. तिन्ही प्रयोगशाळांचा मिळून निष्कर्ष निघाला: कापडाचा जवसाचा धागा १२६० ते १३९० या काळातला.

जनरल आयोनेक्स पुढे जीनस कंपनीने घेतली आणि ते नाव बाजारातून गेले. टँडेट्रॉन मात्र आजही बनतात, नेदरलँड्समध्ये, हाय व्होल्टेज इंजिनिअरिंग युरोपा या कंपनीत. या जातीची त्वरक यंत्रे दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात आहेत, अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत आहेत, आणि मिलिग्रॅमभर कार्बनवर तिथे वय निघते. उत्खननात पुरेसा कोळसा मिळाला नाही म्हणून थराची तारीख लागली नाही, ही सबब आता चालणारी नाही.