सख्ख्या शब्दांची वाटणी

हॉस्पिटल, हॉस्टेल आणि हॉटेल हे तिन्ही शब्द आता मराठीचेच झाले आहेत. तिघांचे मूळ एक आहे, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. लॅटिनमध्ये ‘हॉस्पेस’ म्हणजे पाहुणा आणि त्याला ठेवून घेणारा यजमानही. त्यावरून पाहुण्यांच्या उतरण्याच्या जागेला ‘हॉस्पिताले’ म्हणू लागले. मध्ययुगीन युरोपात यात्रेकरू, निराधार आणि आजारी अशा सगळ्यांना आसरा देणाऱ्या धर्मशाळा होत्या. त्यांतली आजाऱ्यांची सेवा हॉस्पिटलच्या वाट्याला आली. फ्रेंचांच्या तोंडी झिजून तोच शब्द ‘हॉस्टेल’ झाला. पुढे फ्रेंचांनी त्यातला ‘स’ गाळला, आणि बऱ्याच काळानंतर ‘हॉटेल’ हे रूप इंग्रजीत नव्याने दाखल झाले. आपण तर आणखी एक पाऊल पुढे गेलो. आपल्याकडे मिसळ खायला जायचे ते हॉटेल आणि मुक्काम करायचा तो लॉज.

इंग्रजीतल्या जवळच्या शब्दांमधला फरक शिकताना आपली मुले अडतात, याचे कारण मला शब्दार्थांच्या वहीत दिसते. एका इंग्रजी शब्दापुढे एक मराठी शब्द लिहायचा आणि तो पाठ करायचा. मग ‘हिस्टॉरिक’ म्हणजे ऐतिहासिक आणि ‘हिस्टॉरिकल’ म्हणजेही ऐतिहासिक, आणि शिकणे तिथेच थांबते. खरे तर एकाच अर्थाचे दोन शब्द भाषेत फार काळ जसेच्या तसे नांदत नाहीत. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी 1897 साली प्रसिद्ध झालेल्या अर्थविचारावरच्या आपल्या ग्रंथात या प्रवृत्तीला जे नाव दिले, त्याला मराठीत सरळ ‘वाटणी’च म्हणता येईल. भावकीत जशी शेताची वाटणी होते, तशी शब्दांत अर्थाची होते. कोणाला कोणता तुकडा मिळाला हे समजायचे, तर तो शब्द कोणाबरोबर आणि कोणत्या वाटेने आला, हे पाहावे लागते.

इंग्रजीत अशा वाटण्या विशेष झाल्या, कारण ब्रिटनच्या बेटावर माणसे लाटांनी येत राहिली. आठव्या शतकाच्या अखेरीपासून उत्तरेकडून व्हायकिंग आले. त्यांची भाषा इंग्रजीची जवळची नातलग होती. इंग्रजांनी जिथे ‘स्क’चा ‘श’ केला होता, तिथे व्हायकिंगांनी ‘स्क’ तसाच ठेवला होता. म्हणून एकाच आखूड कपड्याची दोन नावे शेजारी शेजारी आली. त्यांपैकी ‘शर्ट’ कमरेच्या वर राहिला आणि ‘स्कर्ट’ खाली गेला. ‘डाय’ हे क्रियापदही बहुधा याच उत्तरेकडच्या लोकांबरोबर रुजले. त्याआधी मरणे या अर्थी ‘स्टार्व्ह’चे जुने रूप वापरात होते. जर्मनमध्ये त्याचा भाऊ ‘श्टेर्बेन’ आजही मरण्यासाठीच वापरतात. इंग्रजीत मात्र ‘डाय’ने मरण घेतले आणि ‘स्टार्व्ह’कडे उपासमार तेवढी उरली. ‘डिअर’चेही तसेच. पूर्वी त्याचा अर्थ कोणताही प्राणी असा होता. फ्रेंचमधून ‘बीस्ट’ आणि लॅटिनमधून ‘ॲनिमल’ आल्यावर तो आक्रसत हरणापुरता राहिला.

मग 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, आणि दरबार, न्यायालय व श्रीमंतांचे स्वयंपाकघर फ्रेंच बोलू लागले. गोठ्यातली ती ‘काउ’ आणि ताटातले ते ‘बीफ’, कुरणातली ती ‘शीप’ आणि ताटातले ते ‘मटन’, या जोड्या याच काळातल्या. जनावर राखणारा सॅक्सन, म्हणजे आधीचा इंग्रज, आणि मांस खाणारा नॉर्मन, अशी त्यांची उपपत्ती वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅनहो’ या कादंबरीने घरोघरी पोचवली. ती पूर्ण खरी मानू नये. फ्रेंचमध्ये ‘मुताँ’ म्हणजे मेंढीही आणि तिचे मांसही. इंग्रजीतही पुढे कित्येक शतके ‘मटन’ चालत्या मेंढीला म्हणत, आणि जिवंत बैलांसाठी ‘बीव्ह्ज’ हे ‘बीफ’चे अनेकवचन वापरत. नॉर्मन आले त्या दिवशी रेघ आखली गेली नाही. ती सावकाश उमटत गेली. भारतात येऊन तर ‘मटन’ने जनावरच बदलले. मटण म्हटले की आपल्यापुढे बोकडच येतो, मेंढी क्वचित.

एवढ्यावर फ्रेंच थांबली नाही. ती इंग्रजीत दोनदा आली, आधी नॉर्मंडीची आणि नंतर पॅरिसची. जुन्या जर्मानिक ‘व’चा उच्चार नॉर्मंडीत ‘व’च राहिला, पॅरिसकडे त्याचा ‘ग’ झाला. म्हणून वॉर्डन आणि गार्डियन, तसेच वॉरंटी आणि गॅरंटी. दुकानदार सांगतो, गॅरंटी असेल तर वस्तू बदलून मिळेल, वॉरंटी असेल तर दुरुस्त करून. ही बाजारातली वाटणी झाली. भारतीय कायद्याने केलेली निराळी आहे. 1872च्या करार कायद्यात गॅरंटी म्हणजे तिसऱ्या माणसाने दिलेली हमी: मूळ देणेकऱ्याने पैसे बुडवले तर मी भरीन. बँक गॅरंटी ती हीच. वॉरंटी 1930च्या मालविक्री कायद्यात भेटते. तिथे ती कराराच्या मुख्य हेतूला पूरक अशी अट आहे. ती मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, पण तेवढ्यावरून माल नाकारता येत नाही. कोणाला जामीन राहताना किंवा महागडे यंत्र घेताना ‘दोन्ही एकच’ असे समजून सही करणारा माणूस खरोखर अडचणीत येऊ शकतो.

हिस्टॉरिकचा प्रश्न आता सोपा होतो. ही दोन्ही रूपे पूर्वी बरीचशी अदलाबदलीने वापरत. मग इतिहासात नोंद व्हावी असे जे, ते हिस्टॉरिक आणि इतिहासाशी संबंधित ते हिस्टॉरिकल, असे ठरत गेले. मराठीत ऐतिहासिक निकालही असतो आणि ऐतिहासिक कादंबरीही. फरक आपण संदर्भावरून ओळखतो. ‘इकॉनॉमिक’ म्हणजे आर्थिक आणि ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे काटकसरीचा, इथे मात्र मराठीने दोन स्वतंत्र शब्द योजले आहेत.

वाटणीची ही रीत मराठीला परकी नाही. संस्कृतातला ‘गर्भिणी’ जसाच्या तसा आला तो स्त्रीसाठी, आणि प्राकृताच्या वाटेने घडलेला ‘गाभण’ गाई-म्हशींसाठी. स्त्रीला गाभण म्हटले तर शिवी वाटेल, इतकी ती वाटणी पक्की आहे. ‘स्थानक’ आणि ‘ठाणे’ हेही एकाच मुळाचे. गाडी थांबते ते स्थानक, फिर्याद नोंदवायची ते ठाणे. इंग्रजीत दोन्हींना स्टेशनच म्हणतात. शिकवताना मुलांना आधी हे दाखवले, तर शर्ट-स्कर्ट त्यांना परके वाटणार नाहीत.

क्वचित एखादी जोडी वाटणीला तयारच होत नाही, आणि तिथे धोका असतो. ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ या दोन्हींचा अर्थ एकच, चटकन पेटणारे. ‘इनकरेक्ट’, ‘इनकम्प्लीट’ अशा शब्दांतला ‘इन’ नकाराचा असतो, त्यामुळे ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे असे कोणालाही वाटू शकते. प्रत्यक्षात हा ‘इन’ निराळा आहे. तो लॅटिन ‘इन्फ्लामारे’मधून, म्हणजे पेटवणे या क्रियापदातून आला आहे. याच गैरसमजाच्या भीतीने अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 1920च्या दशकापासून ‘फ्लेमेबल’ वापरण्याचा आग्रह धरला. न पेटणाऱ्या वस्तूवर ‘नॉन-फ्लेमेबल’ लिहितात. आपल्या रस्त्यांवरच्या पेट्रोलच्या टँकरवर मात्र ‘हायली इन्फ्लेमेबल’ अशी अक्षरे अजूनही दिसतात. त्यांच्याखाली ‘ज्वालाग्राही’ हा शब्द तेवढ्याच मोठ्या अक्षरांत असायला हवा, आणि टँकरशेजारी काम करणाऱ्या प्रत्येकाला दोन्हींचा अर्थ सांगितलेला असायला हवा.